बोटभर

हॉर्ताच्या इस्पितळात डॉक्टरांनी
लिफाफ्याच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या:
एक उभी, आणि तिलाच फुटलेली दुसरी, फांदीसारखी.
या दोन धमन्या. यांच्या बेचक्यातून
तुमच्या वडिलांचं आतडं जातं.
एरवी हा कोन चाळीस-पन्नास अंशांचा असतो,
यांचा नऊ भरला.
मग पेनाला टोपण लावत म्हणाले,
या वयात फार विरळा. आम्ही गाठ शोधत होतो.

एव्हारिस्तु, माझे वडील, वय त्र्याऐंशी,
डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी,
नाकात नळी,
नळीतून हिरवं पित्त पिशवीत
ठिबकत, थांबत, ठिबकत.

मी विचारलं, बेचक्यात आधी काय होतं?
चरबी, ते म्हणाले. बोटभर जाडीची उशी.
तीच दोघींना लांब धरते.
माणूस झपाट्याने वाळला की ती जाते,
आणि वरची खालच्या अंगावर रेलते.

चरबी म्हटल्यावर बाबांनी डोळे उघडले.
तीस वर्षं त्यांनी व्हेलची चरबी उकळली
समुद्राकाठच्या कारखान्यात.
पावाच्या कवचात तो वास,
माझ्या वेण्यांत, रविवारच्या कपड्यांत.
शनिवारी आई त्यांच्या कोपरांवर लिंबू चोळायची
आणि वास लिंबासकट उरायचा.
शाळेत मला तेलाची बरणी म्हणायचे.
अठराव्या वर्षी मी अमेरिकेला गेले, फॉल रिव्हरला,
लोक विचारत तेव्हा सांगायचे, कामासाठी.

फेब्रुवारीत आई गेली. दिओलिंदा.
त्यानंतर दर रविवारी फोनवर ते म्हणायचे,
घास खाली उतरत नाही गं.
मी म्हणायचे, होतं असं, बाबा,
दिवस जातील तसं उतरेल.
मला ते दुःखाचं बोलणं वाटलं.
ते शरीराचं वर्णन होतं,
अक्षरशः,
आणि मी समुद्रापलीकडून त्याचं सांत्वन करत होते.

शेजारच्या अदोझिंदाबाईंनी एका सकाळी पाहिलं,
स्वयंपाकघराच्या फरशीवर ते
गुडघ्यांवर आणि कोपरांवर, डोकं खाली.
चाळीस वर्षं देवळाची पायरी न चढलेला माणूस!
बाई दारातूनच क्रूस करून परतल्या,
गावभर सांगितलं, म्हातारा अखेर वळला.
डॉक्टर म्हणतात, तसं ओणवं झालं की
वरची धमनी पुढे लोंबते, वाट जराशी मोकळी होते.
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
जेवून झालं की फरशीवर,
रोज, एकटे,
सोडवून घेत होते स्वतःला.

त्यांचा पट्टा माझ्या पर्समध्ये आहे.
नेहमीच्या भोकापुढे खिळ्याने पाडलेली चार भोकं,
शेवटचं घाईत, वाकडं.

आता दुसरी, बारीक नळी अडलेल्या जागेच्या पुढे पोचवलीय.
तिच्यातून दुधासारखं काहीतरी, तासाला इतकं.
सोमवारी वजन: सेहेचाळीस किलो तीनशे.
पुढच्या सोमवारी: सेहेचाळीस पाचशे.
नर्स टाळ्या वाजवते, त्यांना राग येतो.
वजन वाढलं नाही तर कापून नवी वाट जोडावी लागेल,
या वयात ते टाळू म्हणतात,
आणि टाळू म्हणताना माझ्याकडे पाहत नाहीत.

खिडकीतून खाडीपलीकडे आमचं बेट दिसतं,
डोंगराच्या कमरेला ढग.
काल बाबांनी विचारलं, किती हवी म्हणाला तो?
बोटभर.
ते हसले. नळी हलली, खोकला आला.
एका जनावरातून आम्ही पिंपंच्या पिंपं काढायचो, म्हणाले,
हातपाय त्यातच, बुटांत त्यातच,
आणि मला बोटभर उरली नाही.

मग बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, झोपले.
तेवढ्यात, भिंतीकडे तोंड करून:
घरी गेल्यावर सूप करशील ना,
त्यावरचा तवंग काढू नकोस.
तुझी आई काढायची.